शिकाऊ डॉक्टर आणि गरिबाची खाट



फेब्रुवारीच्या ११ तारखेला लुर्डमातेचा सण असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला व पुढल्या वर्षापासून तो जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जाऊ लागला. या सुमारास आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, वयोवृद्धांना व रुग्णांना रुग्णाभ्यंग देतो, डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी प्रार्थना करतो. या निमित्ताने एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा असे वाटते. प्रश्न आपल्याच धर्मग्रामातील एका बहिणीने विचारलेला आहे.

तिचे यजमान गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. दोन आठवडे ताप उतरेना म्हणून त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. औषध मिळाले, ताप उतरला, माणूस घरी आला. तक्रार उपचारांबद्दल नव्हतीच. रोज सकाळी प्राध्यापकांबरोबर सात-आठ विद्यार्थी खाटेभोवती उभे राहत. प्रत्येक जण यजमानांच्या पोटावर हात ठेवून पानथरी लागते का ते पाही. इंग्रजीत चर्चा होई आणि सगळे पुढच्या खाटेकडे जात. एकदा रक्त काढायला आलेल्या मुलीला नस सापडेना, तिने तीनदा सुई टोचली. ती स्वतःच रडवेली झाली होती, असेही या बहिणीने सांगितले. मग तिने विचारले, "फादर, आम्ही गरीब आहोत म्हणून यांनी आमच्या अंगावर शिकायचे का?"

प्रश्न रागाचा होता, पण खरा होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नीतिशास्त्राच्या तासाला जे प्रश्न फळ्यावर मांडले जात, त्यांपैकी पुष्कळांपेक्षा तो अवघड आहे.

सुरुवात एका जुन्या विचाराने करू. अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की, काही गोष्टी करण्यापूर्वी शिकता येत नाहीत, त्या करतच शिकाव्या लागतात. घर बांधूनच माणूस गवंडी होतो. भिवंडीत हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मागावर बसल्याशिवाय कोणी विणकर झालेला नाही आणि शिकत असताना प्रत्येकाने थोडे सूत तोडलेले आहे. वैद्यकीचेही तसेच आहे, फरक एवढाच की इथे सुताच्या जागी माणूस असतो. प्रत्येक चांगल्या डॉक्टरच्या आयुष्यात त्याने तपासलेला पहिला रुग्ण असतो, आणि पहिल्या रुग्णाला चांगला डॉक्टर मिळालेला नसतो, शिकणारा मिळालेला असतो. ही गोष्ट कोणत्याही नियमाने टाळता येत नाही. आज रबरी पुतळ्यांवर सुई टोचण्याचा सराव करतात, ते चांगलेच आहे. पण पुतळ्याला ताप येत नाही.

तापाचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात आपल्या भागात तापाचा रुग्ण आला की तो मलेरिया असेल, डेंग्यू असेल, टायफॉइड असेल किंवा लेप्टो असेल. पुस्तकात प्रत्येकाची लक्षणे वेगवेगळी दिलेली असतात : मलेरियात हुडहुडी भरून ताप येतो, डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखते, लेप्टोत पोटऱ्या दुखतात आणि डोळे लाल होतात, टायफॉइडचा ताप दिवसागणिक चढत जातो. प्रत्यक्षात रुग्ण पुस्तक वाचून आजारी पडत नाही. चारही तापांत अंग दुखते, चारही तापांत माणूस मलूल होतो, आणि रक्ताच्या तपासणीचा कागद यायच्या आधी काही तरी निर्णय घ्यावा लागतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टोची साथ आली, तेव्हा पाण्यातून चालत घरी गेलेली धडधाकट माणसे आठवड्याभरात दगावली. त्या वेळी ज्या डॉक्टरांनी पूर्वी लेप्टोचे रुग्ण पाहिले होते, त्यांच्या मनात संशय लवकर आला. हा संशय यायला शेकडो ताप पाहिलेले असावे लागतात. एका जागी शेकडो ताप कुठे पाहायला मिळतात? केईएममध्ये, सायनला, नायरला, जे. जे.मध्ये, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात, आपल्या जवळचे म्हणाल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. तिथे खाटेवर कोण असते, हे आपण जाणतो. जो बाळकूम-माजिवड्याच्या खाजगी रुग्णालयात जाऊ शकतो तो तिकडे जातो. उरलेला कशेळीचा पूल ओलांडून कळव्याला जातो.

संसर्गजन्य रोगांचा विशेष तज्ज्ञ व्हायचे तर बारावीनंतर एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि त्यावर डीएमची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षे जातात. दिल्लीची एम्स, वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय अशा मोजक्या संस्थांतून हे शिक्षण दिले जाते. एवढ्या वर्षांत किती खाटांभोवती तो उभा राहत असेल, किती पोटांवर हात ठेवत असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग हृदयाच्या वा हाडांच्या डॉक्टरांचे तरी काय वेगळे आहे? तेही गरिबांवरच शिकतात. खरे आहे. तरी संसर्गजन्य रोगांत एक गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मते सगळा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. हाड चुकीचे बसवले तर त्या एका माणसाचा पाय वाकडा राहतो. क्षयरोगाचे औषध चुकीचे दिले तर ती चूक त्या माणसापाशी थांबत नाही. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, जे उरतात ते औषधाला दाद देईनासे होतात आणि खोकल्याबरोबर शेजारच्या खोलीत, शेजारच्या मागावर जातात. १९९१ साली धारावीतील शंभरएक खाजगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयरोगाच्या उपचारासाठी त्यांनी तब्बल ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली होती. वीस वर्षांनी, २०१० साली, मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तिथेच तोच प्रश्न विचारला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारची औषधयोजना लिहिली आणि त्यांतील फक्त ६ जणांची बरोबर होती. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी योग्य औषधयोजना तर तिघांनाच लिहिता आली. आणि २०११ सरत असताना याच डॉ. उदवाडियांनी मुंबईतील असे चार रुग्ण जगापुढे आणले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते.

तेव्हा शिकाऊ डॉक्टरला नीट शिकवणे हा त्याचा खाजगी फायदा नव्हे. यंत्रमागाच्या खोलीत, जिथे कापसाचे तूस उडते, खिडकी बंद असते आणि एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे झोपतात, तिथे एका डॉक्टरच्या अर्धवट शिक्षणाची किंमत दहा जण मोजतात. त्यांतला एखादा उद्या आपल्या शेजारी येऊन बसेल, बसमध्ये किंवा या देवळाच्या बाकावर. म्हणजे त्या सात-आठ विद्यार्थ्यांनी पानथरी तपासायला शिकणे आपल्या सर्वांच्या गरजेचे आहे. आता गरज आपल्या सर्वांची असेल तर तिची किंमत एकट्या त्या गोदामातल्या भावाने का मोजावी, हा त्या बहिणीचा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

ही शंका नवीन नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप आलेले रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. हे मूळचे गोव्याचे कॅथलिक गृहस्थ, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, आपल्यापैकी अनेक जण त्याच्यासमोरून न पाहता गेले असतील. प्लेग जाहीर झाला आणि रुग्णांना उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, नेण्यास सुरुवात झाली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या सुमारे हजाराच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. शहरात कुजबूज होती की, इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचे तेल काढतात. त्याच दिवसांत मुंबईच्या ईस्ट इंडियन बांधवांनी आपल्या गावठाणांत क्रूस उभारले. वांद्र्याच्या गल्ल्यांत ते आजही आहेत आणि त्यांवर १८९६-९७ या सालांचे आकडे वाचता येतात.

मोमियाईची गोष्ट अर्थातच खोटी होती. तिला अडाणीपणा म्हणून आपण हसतो. पण २०२० साली करोनाच्या वेळी, रुग्णालयात नेलेल्या माणसाचे अवयव काढून घेतात, म्हणून प्रेत बांधून देतात, असल्या कुजबुजी स्मार्टफोनवरून फिरल्याच. अशा अफवांच्या तळाशी एक भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. 'माझे शरीर यांच्या उपयोगाचे आहे आणि मला कोणी विचारणार नाही' अशी ती भीती. त्या बहिणीच्या प्रश्नात तीच होती, फक्त अधिक समंजसपणे.

त्याच ग्रँट कॉलेजात १८९६च्या ऑक्टोबरात डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी एका लहानशा खोलीत व व्हरांड्यात प्लेगच्या लसीचे काम सुरू केले. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. आपल्याकडे ही गोष्ट शाळेत सांगतात आणि इथे थांबतात. त्यानंतर त्याच महिन्यात ती लस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली गेली. ते आपणहून तयार झाले, असे नोंदवलेले आहे. त्यांच्यावर केलेल्या प्रयोगाने लसीचा उपयोग दिसला, हेही खरे. तरी तुरुंगात शिपाई दाराशी उभा असताना 'आपणहून' या शब्दात किती बळ उरते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याहून जवळचे उदाहरण चेन्नईचे आहे. आपल्याला त्याचा अभिमान वाटावा, कारण त्यातील प्राध्यापिका जन्माने मराठी. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. १९८५च्या अखेरीस त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी विषय सुचवला : एड्सचा विषाणू आपल्याकडे आहे का, ते तपास. तेव्हा तो आजार परदेशातला समजला जाई आणि भारतात तो नाही असेच सर्वांना वाटे. निर्मला ही लहान गावातून आलेली, दोन लहान मुलांची आई. नवरा तिला स्कूटरवरून स्त्रियांच्या सुधारगृहात सोडी. वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून पकडलेल्या स्त्रिया तिथे ठेवलेल्या असत. तिने त्यांच्या रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने घेतले. हातमोजे वगैरे फारसे काही नव्हते. साठवायला नीट सोय नसल्याने वेगळे काढलेले रक्तद्रव तिने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. १९८६च्या फेब्रुवारीत ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात तपासले गेले आणि सहा नमुन्यांत विषाणू असल्याची खूण मिळाली. अमेरिकेत केलेल्या तपासणीने ती पक्की झाली. भारतात एचआयव्ही आहे हे देशाला असे कळले, एका विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमातून. पुढे रक्तपेढ्यांतील तपासणी, जनजागृती, औषधोपचार हे सगळे याच्यामागून आले. डॉ. सॉलोमन यांनी १९९३ साली चेन्नईत एचआयव्ही रुग्णांसाठी संस्था उभी केली आणि २०१५ साली निधन होईपर्यंत त्या याच कामात राहिल्या.

आता दुसरी बाजू. रक्त कशासाठी घेत आहोत हे निर्मलाने त्या स्त्रियांना सांगितले नव्हते. हे तिने स्वतःच नंतर मोकळेपणी सांगितले आहे. एड्स हा शब्दच कोणाला ठाऊक नव्हता, सांगूनही कळले नसते, त्या आजारी होत्या आणि नेहमीच्या आजारासाठीच रक्त घेत आहेत असे त्यांना वाटले. सुई टोचणारी विद्यार्थिनी प्रामाणिक होती, धाडसी होती, स्वतःचा जीवही धोक्यात घालत होती. प्राध्यापिका दूरदृष्टीच्या होत्या. लाखो लोकांचा फायदा झाला. आणि ज्यांच्या रक्तातून हे सगळे उगवले त्या सहा जणींना विचारलेले नव्हते. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरणे कठीण जाते. एकीकडे झुकून दुसरी विसरून जावी असा मोह होतो. तो मोह टाळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तत्त्वज्ञानात याची दोन उत्तरे प्रसिद्ध आहेत. एक म्हणते, बहुतांचे हित झाले की झाले. दुसरे जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे : माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. त्याच्या म्हणण्यातला 'केवळ' हा शब्द लोक गाळतात आणि मग घोटाळा होतो. आपण एकमेकांना रोजच साधन म्हणून वापरतो. रिक्षावाला आपले साधन आहे, आपण त्याचे. कांटची हरकत आहे ती माणूस निव्वळ साधन उरण्याला, म्हणजे तो 'नाही' म्हणू शकतो हेच विसरले जाण्याला. ख्रिस्तसभेची शिकवण याच्याजवळ जाते, मात्र वेगळ्या वाटेने. १९५२च्या सप्टेंबरात पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना स्पष्ट केले की, रुग्ण जेवढा अधिकार देतो तेवढाच डॉक्टरला त्याच्यावर असतो, अधिक नाही. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. हात हा शरीराचा भाग आहे आणि शरीरासाठीच आहे, म्हणून शरीर वाचवायला हात कापता येतो. पण माणूस समाजाचा भाग आहे तो तशा अर्थाने नव्हे. समाज वाचवण्यासाठी म्हणून समाजाला माणूस कापता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात कैद्यांवर काय प्रयोग झाले हे तेव्हा जगाला नुकतेच कळले होते. त्या पार्श्वभूमीवर हे शब्द वाचावेत.

मग उत्तर सोपे झाले का? विचारा, आणि हो म्हटले तरच हात लावा? तेवढ्याने भागत नाही. ज्याला जायला दुसरी जागाच नाही त्याला विचारले तर तो हो म्हणणारच. मान डोलावताना त्याच्या मनात एकच असते, नाही म्हटले तर उद्या औषध देतील ना? अशा होकाराला होकार म्हणायचे का, हा प्रश्न भायखळ्याच्या तुरुंगातून थेट कळव्याच्या वॉर्डात येतो. तरीही विचारलेच पाहिजे. खाटेवरच्या माणसाला नावाने हाक मारून, 'काका, हे विद्यार्थी आहेत, पोट तपासू का?' असे म्हटले तर अर्धे मिनिट जाते. त्या अर्ध्या मिनिटात काका खाट नंबर अमुक न राहता काका होतात. अनेक प्राध्यापक हे करतात, आम्ही पाहिलेले आहे. अनेक करत नाहीत, तेही पाहिलेले आहे. एका वॉर्डात शंभर रुग्ण आणि दोन निवासी डॉक्टर, छत्तीस तास झोप नाही, अशी स्थिती असते, हे मान्य. पण अर्धे मिनिट वाचवून ते जे गमावतात ते पुढे काही केल्या परत मिळत नाही, कारण विद्यार्थी ताप ओळखायला शिकतो त्याच खाटेशी तो माणसाकडे कसे पाहावे हेही शिकतो.

शिकाऊ डॉक्टरांचीही बाजू आहे. संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात धोका एकाच बाजूला नसतो. मुंबईच्या रुग्णालयांतून निवासी डॉक्टरांना क्षयरोग होतो, आणि तो कधी कधी औषधांना न जुमानणारा असतो. २०२० साली डोळ्यांचे, त्वचेचे, हाडांचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना करोनाच्या वॉर्डांत उभे केले गेले. त्यांनाही कोणी फारसे विचारले नव्हते. आपल्या ख्रिस्तसभेत विद्यार्थ्यांचे आश्रयदाते म्हणून ज्यांना मानतात ते संत अलॉयसियस गोंझागा स्वतः विद्यार्थीच होते. रोममध्ये ईशज्ञान शिकत असताना १५९१च्या साथीत त्यांनी रुग्णांना उचलून इस्पितळात नेले, त्यांना लागण झाली आणि २१ जून रोजी ते वारले. वय २३, म्हणजे आजच्या इंटर्नचे. आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात प्लेगच्या रुग्णांना डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोचवले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. तीनदा सुई टोचणारी ती रडवेली मुलगी या दोघांच्या पंक्तीला बसवावी असे आम्ही म्हणत नाही. पण त्या सुईच्या टोकाशी तिचेही बोट होते.

राहिला मुद्दा आपला, म्हणजे ज्यांना परवडते त्यांचा. काल्हेरात आता इमारती उठल्या आहेत, कंपनीचा मेडिक्लेम असणारी कुटुंबे आपल्या देवळात वाढली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. आजारी पडल्यावर आपण चांगल्या रुग्णालयात जातो आणि आग्रह धरतो की मोठ्या डॉक्टरांनीच पाहावे, शिकाऊ नको. बऱ्याच खाजगी रुग्णालयांतही आता पदव्युत्तर विद्यार्थी असतात, पण पैसे भरणाऱ्याला हा आग्रह धरता येतो. ते मोठे डॉक्टर मोठे कुठे झाले? बहुतेक वेळा केईएमच्या, सायनच्या, कळव्याच्या वॉर्डात. आपण भरतो ती फी त्यांच्या आजच्या वेळेची असते. वीस वर्षांपूर्वी ज्या अनोळखी माणसाने आपले पोट त्यांच्या हाताखाली दिले, त्याचे बिल आपल्याला कधी येत नाही. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरांकडून एका वर्षाच्या सार्वजनिक सेवेचे बंधपत्र घेतात, न केल्यास दंड असतो. वेल्लोरला विद्यार्थ्याला मिशनच्या रुग्णालयात दोन वर्षे काम करावे लागते. डॉक्टरांना निदान कर्जाची आठवण करून देणारा कागद आहे. आपल्याला तोही नाही.

म्हणून त्या बहिणीला आम्ही जे सांगितले ते इथे लिहितो. यजमानांना 'नाही' म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता, नाही म्हटल्याने औषध थांबत नाही आणि कोणी थांबवले तर ते पाप आहे. त्यांना विचारले नाही ही चूकच झाली. आणि तरीही त्यांनी जे दिले, न विचारता घेतले गेले तरी, ते दान आहे, मरणोत्तर देहदान करणाऱ्यासारखे. यावर ती म्हणाली, "दान देणाऱ्याला निदान माहीत तरी असते, फादर." तिचे बरोबर आहे. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

परवडणाऱ्यांना मात्र सांगणे आहे. पुढच्या वेळी आपल्या खाटेशी एखादा शिकाऊ डॉक्टर संकोचून उभा राहिला तर त्याला हाकलू नका. त्याचे नाव विचारा. जीवावरचे दुखणे नसेल, वेदना असह्य नसतील, तर पोट तपासू द्या, छाती ऐकू द्या, पुन्हा एकदा विचारले तर पुन्हा सांगा. सुई दोनदा टोचली तर तिसऱ्यांदा मात्र सिस्टरला बोलवायला खुशाल सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

रुग्णदिनाच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये आजाऱ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी विनंत्या असतातच. यंदा तिसरी विनंती जोडली आहे : ज्यांच्या शरीरांवर आपले डॉक्टर शिकले त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यातील ज्यांना विचारले गेले नाही त्यांच्यासाठी. ती वाचण्यासाठी आम्ही त्याच बहिणीला विनंती केली. "यजमानांनाच वाचू द्या," असे ती म्हणाली, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

आपल्या सेवेत,
आपले धर्मगुरू